रमेशची बचत आणि धुऱ्याकडच्या चार ओळी

दिवाळी आटोपली की दिग्रसला कापसाच्या गाड्या लागतात. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापासून सुरू झालेली रांग वळण घेऊन आमच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या खिडकीखाली येते, आणि मग दोन-अडीच महिने खिडकी उघडी ठेवा की बंद, कापसाचा बारीक तंतू आत यायचा तो येतोच. फळ्यावर बसतो, डस्टरवर बसतो, पोरींच्या वेण्यांवर बसतो. मी टक्केवारी लिहीत असते आणि खडूबरोबर तोही बोटाला चिकटतो. खाली गाडीवाले एकमेकांना भाव विचारत असतात. वर मी पोरांना विचारत असते, उत्पन्न दिलं आहे का, खर्च दिला आहे का, मग बचत निघते का.

या दिवसांत माझं चित्त थाऱ्यावर नसतं. चहा पुढ्यात येतो आणि गार होतो. एक पुस्तक उघडते, दोन पानं उलटते, दुसरं घेते. शनिवारी काही काम नसताना एसटी पकडून गावी जाते आणि रविवारी जेवणाची ताटं उचलायच्या आत परत निघण्याची घाई करते. आई म्हणते, आलीस कशाला आणि चाललीस कशाला. बाबा म्हणतात, पोरीच्या पायाला भिंगरी आहे. मी हसून वेळ मारून नेते. खरं कारण एका धड्यात आहे आणि तो धडा नेमका याच दिवसांत शिकवायला येतो. मी तो दरवर्षी एक आठवडा पुढे ढकलते, मग पोरंच आठवण करून देतात.

डेटा सफिशियन्सी. नाव भारदस्त, काम उफराटं. एक गणित दिलेलं असतं, त्याखाली दोन विधानं असतात, आणि गणित सोडवायचं नसतं. फक्त एवढंच सांगायचं की उत्तर काढायला ही माहिती पुरेशी आहे का. एकट्या पहिल्या विधानावरून निघतं, एकट्या दुसऱ्यावरून निघतं, दोन्ही मिळून निघतं, की दोन्ही मिळूनही निघत नाही. उत्तर किती आलं ते कोणी विचारत नाही. ज्यांना गणित चांगलं येतं तीच पोरं इथे गोते खातात, कारण त्यांचा हात थांबत नाही. आकडा दिसला की गुणायचं, दुसरा दिसला की भागायचं. मीही त्यातलीच होते.

आणि या गणितांत हमखास असतो तो रमेश. रमेश आपल्या उत्पन्नाच्या वीस टक्के घरभाड्यावर खर्च करतो, तीस टक्के किराण्यावर, पंधरा टक्के मुलांच्या शिक्षणावर, आणि उरलेले तो वाचवतो. दर महिन्याला, न चुकता. रमेशच्या विहिरीवरची मोटर कधी जळत नाही. रमेशला भाचीच्या लग्नात आहेर करावा लागत नाही. त्याला दवाखाना नाही, त्याच्याकडे पाहुणे येत नाहीत, आणि एक तारखेला त्याचा पगार होतो. आमच्या घरी पैसा वर्षातून तीनदा यायचा, सोयाबीनचा, कापसाचा आणि तुरीचा. त्याला बारांनी भागून मासिक उत्पन्न काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. ते सुचणारी मी पहिली, आणि त्याचा मला अजून पस्तावा आहे.

त्या हंगामाला आता सहा वर्षं झाली. बँकेच्या लिपिकाच्या परीक्षेचा माझा तिसरा प्रयत्न होता. यवतमाळच्या कडेला लोहाऱ्यात, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे, आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली होती. मी आणि सुनीता. सुनीता दिग्रसकडच्याच एका तांड्यावरची, माझ्या गावापासून तीन कोसांवरची, पण ओळख झाली ती यवतमाळच्या क्लासमध्ये. पत्र्याची खोली, एक खिडकी, भिंतीला टेकवलेल्या दोन लोखंडी खाटा, पाच किलोचा गॅस. सकाळचं आम्ही करायचो, संध्याकाळी मेसचा डबा. वसाहतीत पाळीचा भोंगा वाजला की आम्ही घड्याळ न बघता पुस्तक बदलायचो. भोंग्याआधी गणित, भोंग्यानंतर इंग्रजी.

सुनीताला वाद घालायची हौस होती. एकदा क्लासमध्ये सरांनी बचतीचं गणित घातलं आणि ही उभी राहिली. म्हणाली, "सर, माह्या याडीच्या अंगावर चांदी आहे. दर सालच्या कापसाच्या पैशातून थोडी थोडी घेतलेली. ते खर्चात धराव का बचतीत?" याडी म्हणजे तिची आई. सगळा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, प्रश्नात चांदी दिलेली नाही, म्हणून आपण ती धरायची नाही. जे कागदावर नाही ते डोक्यातून आणायचं नाही, हा या धड्याचा पहिला नियम. सुनीता बसली, पण खोलीवर आल्यावर भाजी चिरताना म्हणाली की सरांना उत्तर आलं नाही. मला तेव्हा ती उगाच फाटे फोडते असं वाटलं. मला त्या धड्यात दहापैकी दहा मिळायचे.

सरांचा एक आवडता सापळा होता. अ आणि ब यांच्या उत्पन्नाचं गुणोत्तर पाचास चार. अ ची बचत किती? पहिलं विधान, अ उत्पन्नाच्या वीस टक्के वाचवतो. दुसरं विधान, ब चा खर्च बारा हजार. वर्गातल्या निम्म्या पोरांची पेनं लगेच चालायची. बारा हजार म्हणजे ऐंशी टक्के, म्हणून ब चे पंधरा हजार, म्हणून अ चे अठरा हजार सातशे पन्नास, म्हणून बचत तीन हजार सातशे पन्नास. आकडा असा गोड निघतो की शंका येतच नाही. सर वाट बघायचे आणि मग विचारायचे, ब पण वीसच टक्के वाचवतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? कोणीच सांगितलेलं नसायचं. अ जसा वागतो तसाच ब वागतो हे आपणच धरून चाललेलो असतो. दोन्ही विधानं मिळूनही माहिती अपुरी. मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत सांगितलं असतं.

पूर्वपरीक्षा मी पास झाले, सुनीताही झाली. मुख्य परीक्षा थंडीत होती. मध्ये दिवाळी आली म्हणून मी चार दिवस घरी गेले, आणि अंगणात बाबांची मोटारसायकल नव्हती.

मी विचारलं. बाबा म्हणाले, विकली, आता ऑटो मिळतात ना फाट्यावरून. आईने फराळाचं ताट पुढे सरकवलं आणि विषय बदलला. मी मग दुसरीकडून विचारलं, की माझ्या खोलीचे, क्लासचे पैसे जड जातात का. बाबांनी नेहमीचं उत्तर दिलं, "भागते." बाबांचं सगळं आयुष्य या एका शब्दात बसतं. पीक कसं आहे, भागते. तब्येत कशी आहे, भागते. ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्या बोलण्यातून आकडा काही निघत नाही. मी चार दिवस घरात इकडून तिकडे फिरत राहिले. मोटारसायकल उभी राहायची तिथे जमिनीवर तेलाचा काळा डाग होता, तेवढा बघत राहिले. चौथ्या दिवशी एसटीत बसले तेव्हा माझ्याकडे दोन विधानं जमली होती. एक, बाबा म्हणतात भागते. दोन, गाडी विकली.

दारव्ह्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. दारव्ह्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी बॅगेतून रफ वही काढली आणि मागच्या पानावर लिहायला लागले. सोयाबीन किती झालं होतं, काय भाव लागला. कापूस किती, तूर किती. त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी वजा. उरलं ते भागिले बारा. मग माझं भाडं, मेस, क्लास, फॉर्म, येण्याजाण्याचं भाडं. लोहाऱ्याला उतरेपर्यंत उत्तर तयार होतं. घरात शंभर रुपये येत होते त्यातले अडतीस माझ्यावर जात होते. दोघांच्या पोटाला, औषधाला, लग्नाकार्याला सगळं मिळून उरले बासष्ट, आणि ते पुरत नाहीत म्हणूनच गाडी गेली. गणित स्वच्छ सुटलं होतं. मी ते तीनदा तपासलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी वाचत होते असं फक्त दिसत होतं. पुस्तक समोर धरून मी एका ओळीवरून दहादा जायचे. रमेशचं उत्पन्न वीस टक्क्यांनी वाढलं, खर्च दहा टक्क्यांनी वाढला, तर बचत किती टक्क्यांनी वाढली? आधी शंभरातले पंचाहत्तर खर्च होत असतील तर पन्नास टक्क्यांनी. पण मला रमेशचा राग यायला लागला होता. मेसचा डबा उघडला की त्यातल्या पोळ्या मी मोजायचे आणि एकीची किंमत काढायचे. सुनीताने दोनदा विचारलं की तुला काय होतंय. मी म्हटलं काही नाही. एका सकाळी ती अंघोळीला गेलेली असताना मी वळकटी बांधली, आणि ती आली तेव्हा म्हटलं, मी घरी जाते, यंदा माझ्याने होत नाही. ती केस पुसता पुसता थांबली. तिला मी वहीतलं पान दाखवलं नाही, कारण तिने नक्की फाटे फोडले असते.

घरी मी सांगितलं की क्लासला सुट्टी आहे, आता उजळणी घरूनच करायची आहे. आईने वळकटीकडे पाहिलं, पुस्तकांच्या पिशवीकडे पाहिलं, आणि दोन्ही आत नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर वावरात गेले. कापूस फुटला होता, वेचायला बायका मिळत नव्हत्या. मी कमरेला ओटी बांधली आणि ओळीला लागले. मनात हिशेब असा, की माझी मजुरी वाचली म्हणजे तेवढी बचत. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या बोटांना टोचत होत्या आणि मला त्याचं बरंच वाटत होतं. आठ दिवस मी तशी वेचत होते. पुस्तकांच्या पिशवीची गाठ सोडली नाही.

आमच्या वावरात धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, चार ओळी आहेत, त्या आईच्या. ओळीला आमच्याकडे तास म्हणतात, म्हणून घरात त्यांना नुसतंच चार तासं म्हणायचे. त्यांचा कापूस बाबांच्या कापसाच्या गाडीत कधी चढत नसे. आई तो वेगळा वेचायची, वेगळ्या बोचक्यात बांधायची आणि गावात खरेदीवाला आला की देऊन टाकायची. तिच्या आधी त्या तिच्या सासूच्या होत्या. बाबा त्याबद्दल विचारत नसत आणि आई सांगत नसे. लहानपणापासून हे इतकं डोळ्यांसमोर होतं की त्या ओळी मला कधी दिसल्याच नाहीत. त्या हंगामातही मी आईबरोबर त्याच ओळींत वेचत होते, आणि तरीही माझ्या वहीत त्या नव्हत्या.

आठव्या दिवशी बाबांच्या मोबाइलवर सुनीताचा फोन आला. बाबा बाहेर होते, आईने घेतला. दुपारी ती शिदोरी घेऊन वावरात आली, शेजारच्या ओळीत वाकली, आणि वेचता वेचता म्हणाली की तुझ्या मैत्रिणीचा फोन होता, पेपर दोन आठवड्यांवर आला म्हणते, हॉलतिकीट काढलं का विचारते. माझा हात थांबला. मग मी सगळं बोलून टाकलं. वहीतलं पान पाठ होतं, ते तोंडीच वाचून दाखवलं. बाबांचं उत्पन्न इतकं, घरखर्च इतका, माझा खर्च इतका, अडतीस टक्के, आणि त्यात गाडी गेली. आईने शेवटपर्यंत ऐकलं.

"अन् मी?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "तू कुठे कमावतेस?"

हे वाक्य मी बोलले. आईच्याच ओळीत उभी राहून, तिच्याच कापसाची ओटी पोटाशी धरून बोलले.  आई वाकली आणि ओळ संपेपर्यंत वेचत गेली. मी तिच्या मागे मागे. ओळ संपल्यावर तिने पाण्याची बाटली मला दिली, आणि आम्ही दोघी घरी आलो.

घरी तिने तुरीच्या डाळीचं पिंप उघडलं. कोपरापर्यंत हात घालून प्लॅस्टिकची एक पिशवी वर काढली, ती झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवली. डाळीचा पिवळा भुगा माझ्या ओढणीवर सांडला. आत नोटा होत्या. चार तासांचे तीन वर्षांचे पैसे, आणि किराण्यासाठी बाबा देत त्यातून दर आठवड्याला मागे राहिलेले. पाच महिन्यांची खोली, मेस आणि क्लास निघेल एवढे. म्हणजे बाबांच्या हिशेबात जो खर्च होता तो आईच्या हिशेबात बचत होती, आणि मी बाबांचा एकट्याचा हिशेब मांडून घराचं उत्तर काढलं होतं. अ जसा वागतो तसाच ब वागतो असं सोडा, मी ब ला धरलंच नव्हतं.

गाडीचंही आईनेच सांगितलं. बाबा पोळ्याच्या सुमारास गाडीवरून पडले होते. डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, खड्डा दिसला नाही. कोपर फुटलं होतं, मला कळलं तर अभ्यासावरून मन उडेल म्हणून दोघांनी मिळून दडवलं, आणि गाडी आईने हट्टाने विकायला लावली. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग आला, की हे मला कोणी सांगितलं का नाही. तसं मी म्हटलंही.

"इचारलं असतं तं सांगतलं असतं," आई म्हणाली. "तू तं इचारलंच नाई, बाई. तुह्या मनानंच मांडलं सारं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी परत गेले. बाबा फाट्यापर्यंत आले होते. हात उंचावून त्यांनी गाडी थांबवली तेव्हा बाही वर सरकली आणि कोपरावरचा व्रण दिसला. खोलीवर सुनीताने माझी खाट तशीच ठेवली होती, नुसती पुस्तकं रचून. या वेळी मीच तिला वहीतलं पान दाखवलं. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "चांदी धरली नाई तू." मग आम्ही दोघी भोंग्यावर पुस्तकं बदलत राहिलो.

मुख्य परीक्षेत सुनीताची निवड झाली. माझी एका प्रश्नाच्या अंतराने गेली. एका प्रश्नाच्या.

आता यावर मी किती वेळा विचार केला असेल याला गणती नाही. ते आठ दिवस कापूस वेचत घालवले नसते तर तो एक प्रश्न सुटला असता का? पहिलं विधान, आठ दिवस वाया गेले. दुसरं विधान, एक प्रश्न कमी पडला. दोन्ही शेजारी ठेवली की उत्तर आपोआप निघतं असं वाटतं, आणि दरवर्षी या दिवसांत माझं मन ते उत्तर काढायला धावतं. मग मीच मला अडवते. पेपर अवघड होता, मला इंग्रजीतही कमी होते, कदाचित त्या आठ दिवसांतही मी नुसती पुस्तकाकडे बघतच बसले असते. माहिती अपुरी आहे. हे पोरांना सांगायला मला अर्धं मिनिट लागतं, स्वतःला सांगून सहा वर्षं झाली तरी ते पटत नाही.

त्यानंतर दोनदा फॉर्म भरला, दोनदा पूर्वपरीक्षेतच अडकले. मधल्या काळात दिग्रसला या क्लासमध्ये तात्पुरतं शिकवायला लागले, ते तात्पुरतं अजून चालू आहे. लग्नाचं बोलणं दर उन्हाळ्यात निघतं आणि पेरणीच्या गडबडीत मागे पडतं. मागच्याच्या मागच्या वर्षी माझं वय परीक्षेच्या मर्यादेबाहेर गेलं. जाहिरात मोबाइलवर उघडली, जन्मतारखेची ओळ वाचली आणि मोबाइल ठेवून वर्गात गेले. घरी सांगितलं नाही. आई दरवर्षी कापूस फुटला की विचारते, "फॉर्म निघाला का व?" आणि मी म्हणते, बघू, पुढच्या वर्षी. बाबांकडून मी हे शिकले असणार.

गेल्या आठवड्यात शेवटी तो धडा घेतला. गणित घातलं, एका कुटुंबाचं मासिक उत्पन्न इतकं, खर्च इतका. पहिल्या बाकावरची पल्लवी, तिचे आईवडील दोघेही जिनिंगमध्ये कामाला जातात, तिने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, कुटुंबाचं म्हणजे बाबाचंच धराव का आईचंबी?" मागून कोणीतरी हसलं. मी तोंड उघडलं, प्रश्नात जे दिलं नाही ते धरायचं नाही असं सांगायला. ते सांगणं बरोबरही होतं, परीक्षेत तसंच करायचं असतं. पण मला ते जमेना. मी म्हटलं, परीक्षेत प्रश्नात दिलं तेवढंच. घरी मात्र आधी विचारून घे. तिने ते वहीत लिहून घेतलं. का लिहून घेतलं कोण जाणे.

शनिवारी मी पुन्हा गावी गेले. घराला कडी होती, म्हणून तशीच वावरात. आई तिच्या चार तासांत होती, एकटी. आताशा तिला वाकल्यावर पटकन सरळ होता येत नाही, ती गुडघ्यावर हात ठेवून टप्प्याटप्प्याने उठते. मी बॅग धुऱ्यावर ठेवली, ओढणीची ओटी बांधली आणि तिच्या शेजारच्या ओळीत शिरले. ओटी अर्धी भरली. मग मी विचारलं, "आई, या चार तासांचे आता किती जमले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"दोन सालची खोली अन् मेस निघते," ती म्हणाली. "लोहाऱ्यात भाडं वाढलं असन तं दीड सालची."

रुपये नाही, हजार नाही. खोली आणि मेस.  मी तिला सहा वर्षं विचारलं नव्हतं, हा दोष एक. पण ती मला दरवर्षी विचारत होती, अगदी सरळ, आणि मी दोन वर्षं तिच्या हातात एक खोटं विधान देत होते. त्याच्या भरवशावर ती उन्हात वाकून खोलीचं भाडं जमवत होती. मग मी सांगितलं. वयाची अट असते, ती ओलांडली, आता फॉर्म भरता येत नाही, कधीच येणार नाही.

तिचे हात चालूच होते. "कधी झालं हे?"

"दोन वर्षं झाली."

ती पुढच्या झाडाकडे सरकली. मी ओरडा ऐकायला तयार होते, रडायला तयार होते.  सहा-सात झाडं तशीच गेली. मग तिने पाठ सरळ केली, कमरेवर हात ठेवला, आणि क्लासवाला मला महिन्याचे किती देतो ते विचारलं. मी सांगितलं. खोलीभाडं किती, खाण्याचं किती, एसटीचं किती, उरतं किती. एकेक विचारत गेली आणि मी एकेक खरं सांगत गेले. सगळ्यात शेवटी जो आकडा उरला तो ऐकून तिने मान हलवली.

"लई कमी उरते तुले," ती म्हणाली. "पिंपातलं राहू दे, क्लासले सोताची खोली घ्याची असन तं इचार कर. अन् यातली दोन तासं आजपासून तुह्यी. पन वेचाले याव लागन, दर शनवारी."

मी कोणत्या दोन म्हणून विचारलं. तिने धुऱ्याला लागून असलेल्या दोन दाखवल्या, जिथे कापूस जास्त फुटला होता. फाट्यावरून दिग्रसची गाडी हॉर्न देत गेली. एरवी तिचा आवाज ऐकला की माझे पाय परत निघायला शिवशिवतात. त्या दिवशी मी माझ्या पहिल्या ओळीत शिरले, आणि अंधारायच्या आत ती आम्ही दोघींनी मिळून संपवली.